अर्क कशात काढला? हरित द्रावक आणि आपले आरोग्य



अलीकडे वस्त्यांमध्ये घरोघरी जाऊन अर्काच्या बाटल्या आणि कॅप्सूल विकणारे येतात. कधी हळदीचा अर्क, कधी नोनी, कधी समुद्रातल्या शेवाळाचा अर्क. एका बाटलीने साखर, रक्तदाब, थायरॉईड, गुडघेदुखी सगळे जाते, असे सांगितले जाते. एका बाटलीची किंमत बहुधा धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या कित्येक दिवसांच्या कमाईइतकी असते. राजारामपुरीतल्या गल्ल्या असोत की शहराबाहेरची वस्ती, हे चित्र सगळीकडे सारखेच आहे.

अर्क ही गोष्ट खोटी नाही. वनस्पतीत आणि शेवाळात शरीराला उपयोगी पडणारे घटक खरोखर असतात, आणि ते वेगळे काढण्याचे मोठे शास्त्र आहे. म्हणूनच ते शास्त्र आपण समजून घेतले पाहिजे. ते समजले की विकणाऱ्याला योग्य प्रश्न विचारता येतात. या महिन्याच्या पाठात आपण एकच प्रश्न घेऊ : अर्क कशात काढला?

द्रावक म्हणजे काय?

चहा करताना आपण पाण्यात पत्ती उकळतो. पत्तीतला रंग, चव आणि तरतरी आणणारा घटक पाण्यात उतरतो. चोथा गाळणीत राहतो. इथे पाणी हे द्रावक आणि चहा हा अर्क. फोडणी करताना हळद, मिरची, हिंग तेलात टाकतो. त्यांचा रंग आणि वास तेलात उतरतो. इथे तेल हे द्रावक.

प्रत्येक घटक प्रत्येक द्रावकात उतरत नाही. हळदीतला पिवळा घटक म्हणजे कुरकुमिन. तो पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, पण तेलात आणि अल्कोहोलमध्ये विरघळतो. हे घरी पाहता येते. दोन काचेचे ग्लास घ्या. एकात साधे पाणी, दुसऱ्यात मोठ्या माणसाने कोमट केलेले गोडेतेल. दोन्हींत अर्धा-अर्धा चमचा हळद ढवळा आणि तासभर ठेवा. पाण्यातली हळद तळाशी बसते आणि वरचे पाणी फिकट राहते. तेल मात्र तळापर्यंत पिवळे होते. आपल्या आजीने हळद फोडणीत घालायची रीत ठेवली, तिच्यामागे हे कारण आहे. रविवारी विहारात मुलांच्या वर्गात हा प्रयोग जरूर करा.

कोल्हापूरचा जुना हरित अर्क

पाण्याने अर्क काढण्याचे मोठे उदाहरण आपल्याच शहरात आहे. कोल्हापुरी चपलेचे कातडे परंपरेने बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावले जाते. साल आणि हिरडा पाण्यात भिजत घातले की त्यांतला टॅनिन नावाचा तुरट घटक पाण्यात उतरतो. कातडे पिशवीसारखे शिवून टांगतात आणि त्यात हे पाणी भरतात. टॅनिन कातड्यातल्या प्रथिनाला घट्ट धरतो, आणि कुजणारे कातडे वर्षानुवर्षे टिकणारे चामडे होते. यात विषारी रसायन लागत नाही. उरलेला चोथा मातीत मिसळतो.

हे काम ढोर आणि चर्मकार समाजाच्या अनेक पिढ्यांनी केले. सुभाषनगर, जवाहरनगर या भागांत हा धंदा आजही आहे. जातिव्यवस्थेने या हातांना अस्पृश्य ठरवले, पण त्या हातांत रसायनशास्त्र होते. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे त्यात आहेत. आज जग ज्याला हरित तंत्र म्हणते, ते या कारागिरांना आधीपासून येत होते.

या टॅनिनचा आपल्या आरोग्याशीही थेट संबंध आहे. चहातही टॅनिनसारखे तुरट घटक असतात. ते कातड्यातल्या प्रथिनाला धरतात, तसेच जेवणातल्या लोहालाही धरतात आणि ते रक्तात जाऊ देत नाहीत. कोऱ्या चहात लोखंडी खिळा टाकून ठेवला तर काही तासांत चहा काळपट होतो. लोह आणि टॅनिन एकत्र आल्याची ती खूण. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के महिलांत रक्ताची कमतरता आढळली. म्हणून जेवणाबरोबर आणि जेवण झाल्या झाल्या चहा घेऊ नका. निदान तासाभराचे अंतर ठेवा. अंगणवाडीतून किंवा दवाखान्यातून मिळालेली लोहाची गोळी चहाबरोबर कधीही घेऊ नका. लिंबूपाण्याबरोबर घेतली तर लोह चांगले शोषले जाते. या सल्ल्याला एक पैसा लागत नाही.

विनयपिटकातली औषधे

विनयपिटकाच्या महावग्गात भेसज्जक्खन्धक नावाचा औषधांवरचा भाग आहे. आजारी भिक्खूंसाठी तथागतांनी कोणकोणती औषधे चालतील असे सांगितले, त्याची नोंद तिथे आहे. मुळांमध्ये हळद आणि आले आहे, फळांमध्ये हिरडा, बेहडा, आवळा, मिरी आणि पिंपळी आहे, पानांमध्ये कडुनिंब आहे. कडुनिंबासारख्या वनस्पतींचे काढेही आहेत. तूप, लोणी, तेल, मध आणि काकवी ही पाच औषधे वेगळी सांगितली आहेत.

आता द्रावकाच्या नजरेने ही यादी पाहा. काढ्याला पाणी. तेल, तूप आणि लोणी हे स्निग्ध द्रावक. मध आणि काकवी म्हणजे साखरेचे दाट द्रावण. यांतला प्रत्येक द्रावक पोटात गेला तरी चालणारा आहे. यावरून प्रत्येक जुने औषध आजही गुणकारी आहे असे मात्र समजू नका. तो निर्णय तपासणीनेच होतो. कालामांना तथागतांनी हेच सांगितले होते : परंपरेने आले, ग्रंथात आहे किंवा मोठ्या माणसाने सांगितले एवढ्यावरून काही स्वीकारू नका, स्वतः तपासून हिताचे असेल तेच घ्या.

घातक द्रावक कुठे असतात?

कारखान्यांना पाण्यात न उतरणारे घटक मोठ्या प्रमाणात आणि स्वस्तात काढायचे असतात. त्यासाठी पेट्रोलियमपासून मिळणारे द्रावक वापरात आले. त्यातला एक हेक्झेन. सोयाबीनमधले आणि भाताच्या कोंड्यातले तेल बहुधा हेक्झेनने काढतात. नंतर ते उडवून परत गोळा करतात. आपल्या देशाच्या अन्न नियमांनुसार असे तेल शुद्ध केल्यावर त्यात दहा लाख भागांत ५ भागांपेक्षा जास्त हेक्झेन उरता कामा नये. त्यामुळे नियम पाळून तयार केलेले पाकीटबंद तेल खाणाऱ्याला यात घाबरण्याचे कारण नाही. धोका आहे तो रोज त्याची वाफ हुंगणाऱ्या कामगाराला.

जपानमध्ये १९६० च्या दशकात घरगुती कारखान्यांत सँडल चिकटवणाऱ्या अनेक कारागिरांचे हातपाय बधिर झाले, चालताना पाय अडखळू लागले. चिकटवण्याच्या सोल्युशनमधले हेक्झेन त्याला कारण होते. इस्तंबूलमध्ये १९७० च्या दशकात डॉ. मुझफ्फर अक्सॉय यांनी चपला-बूट बनवणाऱ्या कामगारांमधला रक्ताचा कर्करोग आणि सोल्युशनमधले बेंझिन यांचा संबंध दाखवून दिला.

आपल्या घरांतही सोल्युशन लावणारे, छपाई करणारे, रंगकाम करणारे, थिनरने यंत्राचे भाग पुसणारे हात आहेत. कातडे पाण्याने कमावलेले असले तरी आता अनेक चपलांचे तळ सोल्युशनने चिकटवले जातात. म्हणून एवढे पाळा :

– सोल्युशनचे काम बंद खोलीत करू नका. दारे-खिडक्या उघड्या ठेवा. काम त्याच खोलीत असेल तर तिथे स्वयंपाक करू नका आणि लहान मूल झोपवू नका.
– डबा काम झाल्याबरोबर घट्ट बंद करा. ही वाफ पटकन पेट घेते.
– थिनरने हात धुऊ नका. कातडीतूनही ते अंगात जाते.
– तोंडाला बांधलेला रुमाल वाफ अडवत नाही. मोकळी हवा हाच खरा उपाय.
– बोटांना किंवा तळपायांना मुंग्या येणे, बधिरपणा, पायातली चप्पल न कळत सुटणे, सतत डोके दुखणे, कारण नसताना अंगावर काळेनिळे डाग उठणे असे काही दिसले तर सी.पी.आर.मध्ये किंवा जवळच्या दवाखान्यात जा. आपण काय काम करतो आणि कोणता द्रव वापरतो, ते डॉक्टरांना आधी सांगा. कारखान्यात कामाला असाल तर ई.एस.आय.चे कार्ड आपल्याकडे आहे की नाही, ते पाहा.

हरित द्रावक म्हणजे काय?

१९९८ साली पॉल अनास्टस आणि जॉन वॉर्नर या अमेरिकन शास्त्रज्ञांनी हरित रसायनशास्त्राची बारा तत्त्वे मांडली. त्यातले एक तत्त्व असे की, द्रावक शक्यतो वापरूच नये, आणि वापरावा लागला तर तो निरुपद्रवी असावा. कामगाराला, खाणाऱ्याला आणि नदी-ओढ्याला इजा न करणारा, शक्यतो पुन्हा तयार होणारा द्रावक तो हरित द्रावक. त्याचे मुख्य प्रकार पाहू.

पाणी. सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत सुरक्षित. मात्र तेलकट घटक त्यात उतरत नाहीत. यावर मुंबईत माटुंग्याच्या रासायनिक तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे जुन्या यू.डी.सी.टी.मध्ये, प्रा. विलास गायकर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी चांगले काम केले. पाण्यात एक विशिष्ट प्रकारचे क्षार भरपूर मिसळले की त्या पाण्यात तेलकट घटकही उतरतात. मग त्यात आणखी साधे पाणी ओतले की घटक खाली बसतो आणि गाळून घेता येतो. या पद्धतीने त्यांनी मिरीतून पायपरीन आणि हळदीतून कुरकुमिन काढून दाखवले. हे संशोधन २००२ आणि २००३ साली प्रसिद्ध झाले. प्रा. गायकर पुढे लोणेरेच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

इथेनॉल. उसाच्या मळीपासून आपल्याच भागातल्या साखर कारखान्यांत तयार होणारे अल्कोहोल. वनस्पतींचे अनेक घटक त्यात उतरतात आणि नंतर ते उडवून लावता येते. पण इथे मोठी सूचना आहे. दुकानात मिळणारे स्पिरिट म्हणजे शुद्ध इथेनॉल नव्हे. त्यात मुद्दाम विषारी पदार्थ मिसळलेले असतात, त्यांत मिथेनॉलही असू शकते. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालाडच्या मालवणी भागात मिथेनॉल असलेली दारू पिऊन शंभरावर माणसे गेली. त्यामुळे घरी स्पिरिटमध्ये पाने-मुळे घालून पोटात घेण्याचा अर्क कोणीही करू नये.

कार्बन डायऑक्साइड. सोड्याच्या बाटलीतला वायू. तो ३१ अंशांच्या वर तापवला आणि हवेच्या सुमारे ७३ पट दाबाखाली ठेवला, तर अर्धा वायू आणि अर्धा द्रव असा वागतो आणि तेलकट घटक ओढून घेतो. दाब सोडला की वायू उडून जातो, मागे काही उरत नाही. कॉफीतले कॅफिन काढायला ही पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरतात. यंत्र महाग असते, एवढीच अडचण.

दोन घन मिळून एक द्रव. अमृतधारा आपल्या घरांना नवीन नाही. कापूर, ओव्याचे फूल आणि पुदिन्याचे फूल हे तीन कोरडे खडे एका बाटलीत ठेवले की त्यांचे आपोआप पाणी होते. हेच तत्त्व वापरून शास्त्रज्ञ आता साखर, लिंबातले आम्ल अशा साध्या घन पदार्थांपासून द्रावक बनवतात आणि त्यात वनस्पतींचे व शेवाळांचे घटक काढतात. या दिशेचे पहिले मोठे काम इंग्लंडमधल्या लेस्टर विद्यापीठात २००३ साली प्रसिद्ध झाले. अमृतधारेचा उल्लेख केला म्हणून सांगतो : कापूर लहान मुलांना विषारी आहे. पोटात गेला तर झटके येतात. ती बाटली मुलांच्या हाताला लागू देऊ नका.

समुद्रातले शेवाळ

आता त्या शेवाळाच्या बाटलीकडे वळू. आपल्या कोकण किनाऱ्यावर, रत्नागिरी-मालवणच्या खडकांवर, ओहोटीला हिरवी, तपकिरी आणि लालसर समुद्रशैवाळे दिसतात. जगात त्यांच्यापासून अनेक घटक काढले जातात, आणि गंमत अशी की त्यांतल्या सर्वांत उपयोगी घटकांना पाणीच पुरते.

फालुद्यात किंवा जेलीत घालतो ती चायना ग्रास म्हणजे अगर. लाल शेवाळ पाण्यात उकळले की अगर पाण्यात उतरते आणि गार झाले की थिजते. जर्मनीत १८८१ च्या सुमारास रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत जंतू वाढवण्यासाठी घट्ट थर हवा होता. जिलेटिन उन्हाळ्यात वितळत असे. तिथे काम करणारे वाल्टर हेस यांच्या पत्नी फॅनी हेस यांनी सुचवले की, मी जेलीसाठी अगर वापरते, ती उन्हाळ्यातही वितळत नाही. तेव्हापासून आजपर्यंत जगभरच्या प्रयोगशाळांत जंतू अगरवरच वाढवतात. दवाखान्यात लघवीत कोणते जंतू आहेत हे तपासतात, तेव्हा शेवाळाचा हा पाण्यातला अर्क कामी येतो. हे ज्ञान एका बाईच्या स्वयंपाकघरातून आले.

गुजरातमधल्या भावनगरच्या केंद्रीय मीठ व समुद्री रसायन संशोधन संस्थेने आणखी सोपी वाट काढली. ताजे लाल शेवाळ नुसते पिळून त्याचा रस पिकांवर फवारायला आणि उरलेल्या चोथ्यातून कॅरागीनन हा घट्टपणा आणणारा घटक काढायला वापरायचा. एकाच मालातून दोन उत्पादने. गावाकडे शेती असणाऱ्यांनी शेवाळाच्या रसाचे फवारणीचे औषध पाहिले असेल, ते याच जातीचे.

तपकिरी शेवाळातून फ्युकॉइडन हा घटक पाण्यात आणि फ्युकोझँथिन हा रंग अल्कोहोलमध्ये काढतात. प्रयोगशाळेत त्यांवर बरेच काम चालू आहे. पण काचेच्या नळीतल्या पेशींवर झालेला परिणाम आणि माणसाचा आजार बरा होणे यांत फार अंतर आहे. शेवाळाच्या अर्काने कर्करोग किंवा मधुमेह बरा होतो, असे माणसांवर सिद्ध झालेले नाही.

थायरॉईडसाठी शेवाळ घ्या, असे सांगणाऱ्यापासून तर विशेष सावध राहा. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते आणि ते आयोडीनयुक्त मिठातून मिळते. काही तपकिरी शेवाळांत याच्या अनेक पट आयोडीन असते. जास्त आयोडीननेही थायरॉईड बिघडते. थायरॉईडची गोळी चालू असणाऱ्यांनी आणि गरोदर बायकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे घेऊ नये.

हरित म्हणजे आपोआप सुरक्षित नव्हे

द्रावक कितीही चांगला असला तरी अर्क किती प्रमाणात घेतला, हा प्रश्न उरतोच. हळदीचेच गणित करू. हळदीत कुरकुमिन साधारण ३ टक्के असते. चमचाभर, म्हणजे सुमारे ३ ग्रॅम हळदीत ते ९० मिलिग्रॅम झाले. ५०० मिलिग्रॅमच्या एका कॅप्सूलमध्ये ९५ टक्के कुरकुमिन असेल तर ते ४७५ मिलिग्रॅम होते. म्हणजे एक कॅप्सूल पाच चमचे हळदीएवढी. १९९८ साली बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातल्या अभ्यासात २ ग्रॅम कुरकुमिनबरोबर मिरीतले २० मिलिग्रॅम पायपरीन दिल्यावर कुरकुमिन सुमारे वीस पट जास्त शोषले गेले. म्हणून अनेक कॅप्सूलमध्ये दोन्ही घालतात. पण इटलीत २०१९ साली हळदीच्या अशा पूरक गोळ्या घेणाऱ्या काही लोकांच्या यकृताला सूज आल्याचे आढळले आणि तिथल्या सरकारला सावधगिरीची सूचना काढावी लागली. भाजी-आमटीतल्या हळदीने असे होत नाही.

बाटली हातात आली की हे विचारा

१. अर्क कशात काढला? पाणी, तेल, अल्कोहोल की आणखी काही? विकणाऱ्याला माहीत नसेल तर बाटली परत द्या.
२. एका मात्रेत घटक किती? आकडा लिहिलेला नसेल तर घेऊ नका.
३. वेष्टनावर एफ.एस.एस.ए.आय.चा १४ अंकी परवाना क्रमांक आहे का?
४. इंग्रजीत ‘नॉट फॉर मेडिसिनल यूज’ असे छापले आहे का? पूरक आहारावर असे छापणे बंधनकारक आहे. त्याचा अर्थ, हे औषध नाही. घरात शिकलेल्या मुलाला किंवा मुलीला ते वाचायला सांगा. बाटली म्हणते औषध नाही आणि विकणारा म्हणतो रोग बरा होतो, यातले खरे काय ते आपणच ओळखू शकतो.
५. मधुमेह किंवा कर्करोग हमखास बरा होतो, अशी जाहिरात करणे १९५४ च्या औषधे व जादूटोण्याचे उपाय यांविषयीच्या कायद्याने गुन्हा आहे. अशी तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी करता येते. महिला मंडळाने किंवा बचत गटाने मिळून केली तर अधिक बरे.
६. डॉक्टरांनी दिलेली साखरेची, रक्तदाबाची, टी.बी.ची गोळी कोणत्याही अर्कासाठी बंद करू नका. सर्वांत जास्त नुकसान यानेच होते.

बाटलीसाठी ठेवलेल्या पैशांत महिनाभराची डाळ, हिरवी पालेभाजी, लिंबे आणि अंडी येतात. त्यातले घटक काढायला आपल्या घरचे पाणी आणि चमचाभर तेल हे द्रावक पुरेसे आहेत.

अभ्यासासाठी प्रश्न

१. हळद पाण्यात का उतरत नाही आणि फोडणीत का उतरते?
२. कातडे टिकवणारा टॅनिन जेवणानंतरच्या चहात आपले काय नुकसान करतो?
३. आपल्या घरात किंवा कामाच्या जागी कोणकोणते द्रावक आहेत? त्यांपैकी कोणते पोटात चालतील, कोणत्यांची वाफही चालणार नाही?

पुढच्या रविवारी वंदनेनंतर या तीन प्रश्नांवर विहारात चर्चा करावी. ज्यांच्या घरी सोल्युशन किंवा थिनरचे काम होते, त्यांनी आपला अनुभव जरूर सांगावा.

जयभीम! नमो बुद्धाय!